कॉफी घरी भाजू या, चाखू या, मगच भाव लावू या

घरगुती उद्योग पाठमाला

मैत्रिणींनो, रवा किती भाजायचा हे आपल्याला कुणी घड्याळ लावून शिकवलेलं नाही. वास सुटला, रंग बदलला, कालथ्याखाली रवा हलका लागायला लागला, की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. शेंगदाणे, तीळ, थालीपिठाची भाजणी, काळा मसाला हे सगळं आपण असंच भाजतो. कॉफीचे दाणेही अशाच कढईत भाजता येतात. त्यासाठी लागणारा हात आपल्याकडे तयार आहे.

तयार नाही ती जीभ. शेंगदाणा कच्चा राहिला की पहिल्याच घासाला कळतं, कारण त्याची चव लहानपणापासून पाठ आहे. कॉफी मात्र आपल्याला दूध, साखर आणि जायफळ यांच्या आडूनच माहीत असते. दाणा चांगला की खराब, भाजणं जमलं की फसलं, हे सांगता येत नाही. आणि ज्या मालातलं आपल्याला कळत नाही, त्याचा भाव नेहमी समोरचाच ठरवतो. घेतानाही तोच ठरवतो आणि विकतानाही तोच.

म्हणून हा पाठ भाजण्याचा आहे तितकाच चाखण्याचाही आहे. कॉफीची पाकिटं विकायचा विचार गटाच्या मनात असेल, तर यंत्रासाठी कर्ज काढायच्या आधी हा पाठ करून बघा. घरातली लोखंडी कढई, किलोभर कच्ची कॉफी, एक छोटा वजनकाटा आणि एक वही, एवढ्यावर भागतं.

१. कॉफी येते कुठून?

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संतांनी हजहून परत येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि आजच्या कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. आजही आपल्या देशातली सगळ्यात जास्त कॉफी कर्नाटकातच पिकते, मग केरळ आणि तमिळनाडूत. महाराष्ट्रात कॉफीचं नाव घेतलं की एकच गाव समोर येतं, ते म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. मेळघाटातल्या या थंड हवेच्या ठिकाणी ब्रिटिशांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत.

आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. तिथल्या अरेबिका कॉफीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कूर्ग, वायनाड, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरी इथल्या कॉफीलाही ते मिळालं. अराकूच्या कॉफीचं दुकान तर २०१७ मध्ये थेट पॅरिसमध्ये उघडलं. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याचा माल तिथवर जातो, कारण निवडताना, वाळवताना आणि चाखताना तो काटेकोर तपासला जातो.

कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिकाचा दाणा थोडा लांबट असतो आणि त्याच्या पोटावरची रेघ नागमोडी असते. चव सौम्य, किंचित आंबटसर, वास सुंदर. रोबस्टाचा दाणा गोलसर, रेघ सरळ. चव कडक, कडवट, दाट. त्यात उत्तेजक द्रव्य, म्हणजे कॅफीन, अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. म्हणून रोबस्टा स्वस्त असली तरी वाईट नव्हे. दुधाच्या कॉफीला तिचा जोर उपयोगी पडतो.

व्यापाऱ्याशी बोलताना चार शब्द कानावर पडतील, ते आधीच माहीत असू द्या. फळाची साल व गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि तशाच रोबस्टाला ‘पार्चमेंट’. फळ अख्खंच उन्हात वाळवून नंतर फोडलं असेल तर त्या मालाला ‘चेरी’ म्हणतात. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरलेला असतो तो. धुतलेल्या मालाची चव साधारणपणे जास्त स्वच्छ लागते, चेरी जास्त दाट आणि गोडसर लागते.

घेताना ‘भाजायची कच्ची कॉफी, अख्खे दाणे’ असं स्पष्ट सांगा. वजन कमी करायची म्हणून दुकानात ‘ग्रीन कॉफी’ची पूड मिळते, ती आपल्या कामाची नाही.

२. निवडणं: अर्धी चव इथेच ठरते

तांदूळ निवडतो तसेच दाणे ताटात पसरून उजेडात निवडायचे. चांगला कच्चा दाणा फिकट हिरवा किंवा निळसर-राखी दिसतो, चेरीचा थोडा पिवळट. दाताखाली धरला तर टणक लागतो. पुढचे दाणे बाजूला काढा:

• पूर्ण काळे किंवा गडद तांबडे पडलेले
• टाचणीने टोचल्यासारखी भोकं असलेले, म्हणजे किडके
• बुरशी आलेले, कुबट वासाचे
• तुटके, शिंपल्यासारखे पोकळ
• खडे, काड्या, सालाचे तुकडे

बुरशीचा माल धुऊन किंवा जास्त भाजून वापरायचा विचारही करू नका, फेकूनच द्या. बाकीचा काढलेला माल तोलून वजन वहीत लिहा. किलोमागे किती कचरा निघाला, हीच त्या व्यापाऱ्याची पहिली परीक्षा. पुढच्या वेळी भावाची घासाघीस करताना हा आकडा हातात असतो.

कच्ची कॉफी कोरड्या जागी ठेवली तर काही महिने चांगली टिकते. पण ती आजूबाजूचा वास ओढून घेते. मिरची, कांदा, रॉकेल यांच्या शेजारी पोतं ठेवू नका.

३. भाजणं: डोळा, नाक आणि कान

एका घाण्याला १५० ग्रॅमच घ्या. जास्त घातली तर दाणे सारखे फिरत नाहीत, काही करपतात आणि काही कच्चे राहतात.

आधी तयारी. खिडक्या-दारं उघडी ठेवा, कारण शेवटी धूर होतो. पदर खोचून घ्या, लहान मुलांना लांब ठेवा. दाण्याची पातळ साल सुटून उडते आणि ती चटकन पेटते, म्हणून चुलीच्या उघड्या जाळापेक्षा गॅस बरा. कढईवर बसेल असं झाकण हाताशी ठेवा. काही पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला. आणि भाजायला लागल्यावर फोन वाजला तरी कढई सोडायची नाही.

कढई मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा, दाणे घाला आणि वेळ लिहा. लाकडी कालथ्याने तळापासून सतत हलवत राहा. मग दाणे आपणहून बोलायला लागतात.

पहिला टप्पा, पिवळा रंग. पहिली चार-पाच मिनिटं दाण्यातलं पाणी उडत असतं. ओल्या गवतासारखा, मग सुक्या कडब्यासारखा वास येतो. दाणे हिरव्याचे पिवळे होतात. या वेळी आच वाढवायची घाई करू नका, नाहीतर वरून काळं आणि आतून कच्चं राहतं.

दुसरा टप्पा, तांबूस रंग. आता भाकरी शेकताना येतो तसा खमंग वास सुटतो. साल उडायला लागते. दाणा फुगायला लागतो.

तिसरा टप्पा, पहिला तडतडाट. साधारण आठ ते बारा मिनिटांच्या दरम्यान ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा ठळक आवाज येतो. दाण्यातली वाफ आणि वायू बाहेर पडताना दाणा तडकतो, त्याचा हा आवाज. दाण्याचा ताप तेव्हा २०० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. पहिला आवाज आला ती वेळ वहीत लिहा. इथून पुढे कॉफी पिण्याजोगी झाली आणि इथून पुढचा प्रत्येक अर्धा मिनिट चव बदलतो. आच थोडी कमी करा.

चौथा टप्पा, उतरवणं. पहिला तडतडाट सुरू झाल्यावर दीड ते दोन मिनिटांनी उतरवलीत तर मध्यम भाजलेली कॉफी मिळते. शिकताना हीच धरा.

पाचवा टप्पा, दुसरा तडतडाट. आणखी भाजत राहिलात तर मधे थोडी शांतता होते आणि मग बारीक, करकर आवाज येतो, सुक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखा. धूर वाढतो, दाण्यावर तेल दिसायला लागतं. ही गडद भाजलेली कॉफी. काहींना दुधाबरोबर ती आवडते. पण एक ध्यानात ठेवा, गडद भाजलं की सगळ्या कॉफीची चव सारखीच कडवट होत जाते. महाग दाणा आणि स्वस्त दाणा यांतला फरक पुसला जातो. बाजारात खराब दाणा खपवायला काळं भाजणं सोयीचं पडतं, ते यामुळेच. चांगला दाणा घेऊन तो काळा करणं म्हणजे पैसे जाळणं.

४. गार करणं आणि ठेवणं

गॅस बंद केला तरी दाण्यातली धग भाजण्याचं काम चालूच ठेवते. म्हणून दाणे लगेच कढईतून काढा. मोठ्या चाळणीत किंवा सुपात घेऊन पंख्याखाली किंवा अंगणात पाखडा. साल उडून जाईल आणि तीन-चार मिनिटांत दाणे हाताला कोमट लागतील. पाखडण्यात तर आपला हात कोण धरणार!

पूर्ण गार झाल्यावर वजन करा. १५० ग्रॅमचे १३२ ग्रॅमच्या आसपास भरले तर हलकं भाजलंय, १२६ ते १२८ भरले तर मध्यम, १२०-१२२ पर्यंत उतरले तर गडद. रंगाच्या बाबतीत डोळा फसतो, संध्याकाळच्या उजेडात तर हमखास. वजनकाटा फसत नाही. दोन घाण्यांचं वजन सारखं आलं, तर हात बसायला लागला असं समजा.

ताजा भाजलेला दाणा दिवसभर वायू सोडत असतो. लगेच घट्ट पाकीटबंद केलं तर पाकीट फुगतं. बरणीत घालून झाकण सैल ठेवा आणि निदान एक दिवस थांबा, चवही तेव्हाच नीट उमलते. नंतर कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. अख्खा दाणा दोन-तीन आठवडे छान राहतो. पूड केली की काही दिवसांतच वास उडून जातो. म्हणून जेवढी लागेल तेवढीच दळायची.

५. चाखणं: जीभ तयार करायची कशी?

चाखणं हे देवाने एखाद्याच जिभेला दिलेलं वरदान नाही, सरावाचं काम आहे. सुनालिनी मेनन या आशियातल्या पहिल्या महिला कॉफी-चवपारखी म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी कॉफी बोर्डात बरीच वर्षं कॉफीच्या गुणवत्तेचं काम सांभाळलं आणि पुढे बंगळूरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. हजारो पेले चाखून अशी नजर तयार होते. आपण दहा पेल्यांपासून सुरुवात करू.

आधी जिभेची ओळख. चार वाट्यांत अगदी पातळ लिंबूपाणी, गुळाचं पाणी, रात्रभर मेथी भिजवलेलं पाणी आणि जास्त उकळलेला कोरा चहा घ्या. हे झाले आंबट, गोड, कडू आणि तुरट. एकेक घोट घ्या आणि चव जिभेवर कुठे, किती वेळ राहते ते बघा. बऱ्याच जणी कडू आणि तुरट यांत गोंधळतात. कडू ही चव आहे. तुरटपणा म्हणजे तोंड सुकल्यासारखं, जीभ आवळल्यासारखं वाटणं.

आता कॉफी. सगळ्यांसाठी माप एकच ठेवायचं, नाहीतर तुलना होत नाही.

१. एका पेल्याला ८ ग्रॅम दाणे. मिक्सरला मसाल्याचा वास असेल तर आधी मूठभर तांदूळ फिरवून भांडं पुसून घ्या. मग कॉफी थांबून थांबून फिरवा, जाड रव्याइतकी.
२. सगळे पेले एकसारखे घ्या. पूड घालून कोरडा वास घ्या आणि लिहा.
३. पाणी उकळून उतरवा, मिनिटभर थांबा आणि प्रत्येक पेल्यात १५० मिलिलिटर ओता. दूध नाही, साखर नाही.
४. चार मिनिटं हात लावू नका. वर पुडीची साय धरेल. मग नाक जवळ नेऊन चमच्याने ती साय मोडा. सगळ्यात जास्त वास याच क्षणी कळतो.
५. वरचा फेस काढून टाका. आणखी पाच-सहा मिनिटांनी चमच्याने थोडी कॉफी घेऊन जोरात फुरका मारा. एरवी फुरका मारला तर मुलांना आपण रागावतो, पण इथे तो हवाच. त्याने कॉफी सगळ्या जिभेवर पसरते आणि वास नाकापर्यंत चढतो.
६. कोमट झाल्यावर पुन्हा चाखा, गार झाल्यावर पुन्हा. गरम कॉफीत लपलेले दोष गार कॉफीत उघडे पडतात.

प्रत्येक घोटाला सहा गोष्टी बघायच्या: वास, आंबटपणा, गोडवा, कडूपणा, तोंडात लागणारा दाटपणा आणि गिळल्यावर मागे राहणारी चव. वहीत ‘चांगली आहे’ असं लिहायचं नाही, त्यातून पुढच्या घाण्याला काहीच कळत नाही. आपल्या भाषेत शब्द भरपूर आहेत, ते वापरा: खमंग, खरपूस, गुळचट, सपक, तुरट, उग्र, करपट, कुबट, मातकट. कुणाला भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण होईल, कुणाला चिंचेची, कुणाला काकवीची. जे वाटतं ते लिहा. आणि आधी प्रत्येकीने स्वतःचं लिहायचं, मगच बोलायचं. नाहीतर अध्यक्षताई म्हणतील ती चव सगळ्यांची होते.

तीन पेल्यांची परीक्षा. एका बाईने तीन पेले भरायचे, दोन एका घाण्याचे आणि एक दुसऱ्या घाण्याचा. पेल्याखाली चिठ्ठी लावायची. तिने स्वतः चाखायचं नाही. बाकीच्यांनी वेगळा पेला ओळखायचा. एकदा ओळखला तर तो अंदाजही असू शकतो, कारण तिनातला एक नशिबानेही लागतो. पाच वेळांपैकी निदान चार वेळा ओळखला, तर जीभ तयार होते आहे. गटात अशा दोघी-तिघी तयार झाल्या तरी पुरे. कोण त्या निघतील हे आधी सांगता येत नाही. शाळा किती शिकली यावर ते अवलंबून नाही.

तब्येतीची काळजी. एका बैठकीत पाच-सहा पेले चाखायचे असतील तर घोट थुंकून टाका, चव तरीही कळते. गरोदर मैत्रिणींनी आणि ज्यांना धडधड किंवा झोप न लागण्याचा त्रास आहे त्यांनी वास घेण्याचं काम घ्यावं. रक्त कमी असलेल्या मैत्रिणींनी जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी घेऊ नये, त्याने लोह अंगी लागायला अडथळा येतो.

६. चवीवरून दोष ओळखा

• गवतासारखी, कच्च्या शेंगदाण्यासारखी, झोंबणारी आंबट: कमी भाजली. पुढच्या वेळी तडतडाटानंतर अर्धा मिनिट जास्त द्या.
• बाहेरून गडद, दाणा फोडला तर आतून फिकट. चव एकाच वेळी करपट आणि कच्ची: आच फार मोठी होती.
• सपक, वास नाही, जीव नाही: आच फार मंद होती, वेळ लांबला.
• राखेसारखी, नुसती कडू: जास्त भाजली किंवा गार करायला उशीर झाला.
• कुबट, मातकट, ओल्या गोणपाटासारखी: दोष भाजण्यात नाही, मालात आहे. माल परत दाखवा.
• एकाच घाण्याचा एक पेला चांगला, दुसरा आंबूस: निवडताना खराब दाणा राहून गेला. एक सडका दाणाही पेला बिघडवतो.

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. मालाचा दोष आणि हाताचा दोष वेगळा करता येणं, हीच आपली कमाई. नाहीतर माल खराब देणारा म्हणतो, ‘ताई, तुम्हाला भाजता येत नाही’, आणि आपण ऐकून घेतो.

सगळं कोरं चाखून झाल्यावर मग दुधात करून बघा, साखर-जायफळ घालून बघा. गिऱ्हाईक जशी पिणार तशी ती शेवटी आवडलीच पाहिजे. पण क्रम उलटा करू नका. दूध आणि साखर दोष झाकतात.

७. चिकोरीचं काय?

चिकोरी हे एक कंद-मूळ. वाळवून, भाजून, पूड करून ते कॉफीत मिसळतात. त्याने रंग गडद येतो आणि कॉफी दाट लागते. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत ते आवडीने घालतात, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती न सांगता घातल्यावर. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरी किती आहे ते पाकिटावर छापावं लागतं.

घरी तपासायला सोपं आहे. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पूड भुरभुरवा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडायला लागते आणि बुडताना मागे तपकिरी रेघ सोडते. तयार पूड विकत घेऊन पाकिटं भरायचा विचार असेल तर ही परीक्षा आधी करा.

८. हिशेब: किलोची किलो राहत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. खालचे भाव नुसते समजण्यासाठी धरले आहेत, त्या जागी तुमच्या गावचे आजचे भाव घाला.

समजा कच्ची कॉफी ५०० रुपये किलो आणली. वरवरचा हिशेब असा होतो: किलोत १०० ग्रॅमची १० पाकिटं, म्हणजे पाकिटाला ५० रुपये पडले, ७५ ला विकू, २५ सुटले.

खरा हिशेब बघा.

१ किलोतून निवडताना ५० ग्रॅम गेले, राहिले ९५० ग्रॅम.
सहा घाण्यांत मध्यम भाजली. सुमारे १६ टक्के वजन उडालं, राहिले ८०० ग्रॅम.
प्रत्येक घाण्याचे दोन पेले चाखले, त्यात १०० ग्रॅम गेले, राहिले ७०० ग्रॅम.
म्हणजे विकायला ७ पाकिटं.

खर्च: माल ५०० रुपये. गॅस २५ रुपये. ७ पाकिटं व चिठ्ठ्या, ८ रुपयांप्रमाणे ५६ रुपये. मजुरी: भाजणं व गार करणं २ तास, निवडणं-चाखणं-भरणं दीड तास, एकूण साडेतीन तास, तासाला ५० रुपयांप्रमाणे १७५ रुपये. एकूण ७५६ रुपये.

७५६ भागिले ७, म्हणजे पाकिटाला १०८ रुपये.

जी बाई ७५ ला विकून २५ सुटले म्हणते, तिचे पाकिटामागे ३३ रुपये जातात. ते कुठून जातात? तिच्या मजुरीतून, आणि ती मजुरी तिने धरलेलीच नसते. आपल्या कष्टाला शून्य रुपये लावायची सवय आपण घरात लावून घेतली आहे. ती गटाच्या वहीत येऊ देऊ नका.

कुणी म्हणेल, चाखण्यात १०० ग्रॅम घालवले नसते तर आणखी एक पाकीट झालं असतं. झालं असतं. पण त्यात एखादा करपलेला घाणा गिऱ्हाइकाच्या घरी गेला असता आणि ते पुन्हा आपल्याकडे आलं नसतं. सहाही घाणे सारखे येतात अशी खात्री झाली की चाखण्याचा खर्च कमी करता येईल, बंद मात्र करायचा नाही.

९. यंत्र कधी घ्यायचं?

भाजायचं यंत्र कामाचं आहे, ते जास्त माल सारखा भाजतं. पण कधी थांबायचं हे त्याला आपणच सांगावं लागतं. जिला कढईतली कॉफी चाखून दोष सांगता येत नाही, तिच्या हातात यंत्र दिलं तर ती दीडशे ग्रॅमऐवजी पाच किलो बिघडवेल. आणि कर्जाचा हप्ता कॉफी जमली की नाही ते विचारत नाही.

म्हणून कर्जाचा ठराव मांडण्याआधी गटाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. एकाच बाईचे सलग तीन घाणे वजनात आणि चवीत सारखे आले का? तीन पेल्यांची परीक्षा निदान दोघी पास झाल्या का? मजुरी धरून काढलेल्या भावाला, ओळखीपाळखीची नसलेली गिऱ्हाइकं पुन्हा घ्यायला आली का? तिन्हीला ‘हो’ असेल तर पुढे जा. एकालाही ‘नाही’ असेल तर आणखी महिनाभर कढईच बरी, त्यात नुकसान कमी आणि शिकणं जास्त.

विकायला काढायचं ठरलं की अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. पाकिटावर वजन, भाजल्याची तारीख, किंमत, नोंदणी क्रमांक आणि गटाचा पत्ता छापा. आणखी शिकायचं असेल तर कॉफी बोर्ड बंगळूरला ‘कापी शास्त्र’ नावाचं प्रशिक्षण घेतं. गटातली एखादी तयार जिभेची मुलगी तिथे पाठवता आली तर तो खर्च वाया जाणार नाही.

घरचा अभ्यास

१. १५० ग्रॅमचे तीन घाणे भाजा: एक पहिला तडतडाट संपता-संपता उतरवा, एक त्यानंतर एका मिनिटाने, एक दुसरा तडतडाट सुरू होताच. तिन्हीचं वजन लिहा.
२. दुसऱ्या दिवशी तिन्ही कोऱ्या चाखा आणि प्रत्येकीला तीन शब्द द्या. ‘चांगली’ आणि ‘वाईट’ हे दोन शब्द सोडून.
३. वहीत हे रकाने आखा: तारीख, माल कुणाकडचा, निवडून गेलेलं वजन, कच्चं वजन, पहिल्या तडतडाटाची वेळ, उतरवल्याची वेळ, भाजलेलं वजन, चव, भाजणारीचं नाव.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपण विकतो त्या लोणचं, पापड, मसाला यांचा भाव काढताना मजुरी धरली आहे का? धरली असेल तर तासाला किती?
२. आपल्या मालाची चव दर वेळी सारखी येते, हे आपण कशावरून म्हणतो?
३. गेल्या वर्षभरात कुठला कच्चा माल खराब निघाला? तो परत करता आला का? नसेल तर का?

कॉफी आपल्या गावात पिकत नसली तरी हे प्रश्न प्रत्येक गटाचे आहेत. मसाल्याच्या गटानेही एकदा तीन वाट्यांची परीक्षा घेऊन बघावी आणि निकाल पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहावा.